उसने पंचांग : आफ्रिकेतील नद्यांवरील मत्स्यसफरीच्या वाङ्मयाचा विचार

१

प्रवासवर्णनाची चर्चा करताना समीक्षक सामान्यतः प्रवास संपल्यानंतर लिहिलेल्या ग्रंथांचाच विचार करतात. प्रवास सुरू होण्यापूर्वी जे लिहिले जाते, म्हणजे टिपणे, सामानाच्या याद्या, ऋतुमानाची कोष्टके, मुक्कामाची माहितीपत्रके, ते वाङ्मयाच्या उंबरठ्याबाहेर ठेवण्याचा प्रघात आहे. हा प्रघात बहुतेक ठिकाणी योग्यच म्हणावा लागेल. तथापि आफ्रिकेतील एखाद्या नदीकाठच्या लॉजवर उतरून गळाने मासे धरण्याच्या सफरीविषयी जे लेखन वाढत गेले आहे, त्याच्या बाबतीत तो अपुरा पडतो. कारण या लेखनात प्रत्यक्ष सफरीपेक्षा सफरीच्या बेतालाच प्राधान्य असते. केव्हा जावे, कोणत्या पाण्यावर जावे, कोणता गळ न्यावा, कोणाच्या नावेत बसावे, या प्रश्नांची उत्तरे हाच त्याचा गाभा असून मासा लागल्याचा प्रसंग पुष्कळदा या उत्तरांचे फलित म्हणूनच येतो.

मराठीत 'बेत' हा शब्द मनातील योजनेला लागतो, तसाच तो जेवणातील पदार्थांनाही लागतो. हा योग येथे उपयोगी पडण्यासारखा आहे. दोन्ही ठिकाणी पाहुण्याला मांडलेले ताट दिसते. चुलीपाशी कोण होते ते दिसत नाही. मत्स्यसफरीच्या लेखनाचे मूल्य ठरविताना नेमका हाच प्रश्न विचारावा लागतो, असे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन आहे. नदीवरचा कोणताही बेत हा उसन्या ज्ञानावर उभा असतो. ज्या लेखनात ही उसनवारी दिसते, ते वाङ्मयाच्या कक्षेत येते; ज्यात ती झाकली जाते, ते कितीही चांगल्या शैलीत लिहिलेले असले तरी दरपत्रकाच्या पातळीवर राहते.

'सफारी' या शब्दाचा इतिहासही असाच उद्बोधक आहे. तो पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेतून जगभर गेला. स्वाहिलीत त्याचा अर्थ केवळ प्रवास असा असून कामानिमित्त दुसऱ्या गावी जाणे हीही सफारीच होय. त्याचे मूळ अरबी 'सफर' या शब्दात आहे, आणि तोच शब्द फारसीच्या वाटेने मराठीत येऊन रूढ झाला आहे. मराठी वाचकाला तेव्हा शब्द परका नाही. परका आहे तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून युरोपीय शिकाऱ्यांनी आणि प्रवाशांनी त्याला जोडलेला अर्थ : पाहुण्याने पाहावयाचा, आणि इतरांनी ओझी वाहावयाचा प्रवास.

२

प्रथम या बेताचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे. त्याचा पहिला प्रश्न काळाचा असतो. झांबेझीच्या वरच्या टप्प्याचे उदाहरण घेतले, तर पावसाळा साधारणतः नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालतो. उगमाकडचे पाणी बारोत्से या विस्तीर्ण सखल मैदानावर पसरते आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास पूर शिगेला पोचतो. पुढे पाणी उतरू लागते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात ते सर्वांत खाली जाते. पुराच्या उथळ पाण्यात वाढलेले लहान मासे पाण्याबरोबर पात्राकडे परततात, आणि त्यांच्या वाटेवर मोठे मासे टपून बसतात. गळाने मासे धरणाऱ्याचा हंगाम तो हाच.

ओकावांगो नदीचा क्रम आणखी विलक्षण आहे. पाऊस पडतो अंगोलाच्या उंच प्रदेशात. त्याचे पाणी वाळवंटाच्या दिशेने इतक्या संथपणे उतरते की बोत्स्वानातील मौन गावापर्यंत ते जून-जुलैच्या सुमारास, म्हणजे तेथील ऐन कोरड्या ऋतूत पोचते. नदीच्या वरच्या अरुंद पट्ट्यात पूर ओसरू लागला की ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान मांगूर जातीचे मासे झुंडीने पपायरसच्या बेटांच्या कडेकडेने वर सरकतात आणि त्यांनी हुसकलेल्या लहान माशांवर टायगरफिश तुटून पडतात. झांबियात दरवर्षी डिसेंबरपासून फेब्रुवारीअखेर, माशांच्या विणीच्या काळात, काही जलाशय वगळता मासेमारीला बंदी असते, हेही बेत करणाऱ्याला ध्यानात ठेवावे लागते.

दुसरा प्रश्न साधनांचा. ज्या माशासाठी लोक या नद्यांवर जातात, त्या टायगरफिशला शास्त्रीय परिभाषेत जे नाव १८६१ मध्ये मिळाले त्यातील पहिल्या पदाचा ग्रीक अर्थ 'पाण्यातला कुत्रा' असा असून दुसरे पद त्याच्या अंगावरील पट्ट्यांचे निदर्शक आहे. इंग्रजी बोलणाऱ्यांनी त्याचा वाघ केला. त्याचे दात एकमेकांत बसणारे व धारदार असल्याने गळाच्या वर साध्या दोरीऐवजी तारेचा तुकडा बांधावा लागतो. त्याचा जबडा हाडांचा व कठीण असल्याने गळ रुततो कमी आणि निसटतो फार. उडी मारून, डोके झिंजाडून गळ फेकून देणे ही त्याची ख्याती आहे. अलीकडे पुष्कळ ठिकाणी धरलेला मासा जिवंत परत सोडण्याची रीत पडली असून त्यासाठी उलटा दात नसलेले गळ वापरतात. याखेरीज हिवतापाची औषधे, मगरींमुळे पाण्यात न उतरण्याची ताकीद, पाणघोड्यांच्या डोहापासून नाव दूर ठेवण्याची दक्षता, ही या बेताची अटळ कलमे होत.

ही सर्व माहिती उपयुक्त आणि बहुतांशी खरीही असते. प्रश्न उपस्थित होतो तो वेगळाच. पाणी केव्हा चढते, मासा कोणत्या वळणावर थांबतो, पाणघोडा कोणत्या डोहात असतो, हे ज्ञान पाहुण्याचे नसते. ते पिढ्यान्‌पिढ्या नदीवर राहिलेल्यांचे असते. बारोत्से मैदानावरील लोझी लोकांचा राजा, ज्याला लितुंगा म्हणतात, पूर चढू लागला की मैदानातील लेआलुई येथील वाडा सोडून नालिक्वांडा नावाच्या भव्य राजनौकेतून उंचावरील लिमुलुंगा येथे जातो. या सोहळ्याला कुओम्बोका, म्हणजे 'पाण्याबाहेर पडणे', असे नाव असून त्याचा दिवस पाण्याच्या मानाने ठरतो. सफरीच्या कोष्टकात जे महिने 'जाण्यास अयोग्य' म्हणून सोडून दिलेले असतात, त्यांतच एका राज्याचा सर्वांत मोठा उत्सव येतो. एकाच पुराची ही दोन वाचने होत. पहिल्या वाचनाला दुसऱ्याचा आधार आहे, पण पहिल्यात दुसऱ्याचा उल्लेख क्वचितच येतो.

या अनुल्लेखाचे व्याकरणही पाहण्याजोगे आहे. नदीकाठच्या लॉजच्या गद्याचा आवडता प्रयोग कर्मणी. पहाटे चहा आणला जातो, नाव सज्ज ठेवलेली असते, मासा गळातून सोडविला जातो, सायंकाळी वाळूवर शेकोटी पेटविली जाते. वाक्यामागून वाक्य येते, आणि कर्ता मात्र कोठेच येत नाही. कर्तरी प्रयोग राखून ठेवलेला असतो तो पाहुण्यासाठी : मासा पाहुणा धरतो, अनुभव पाहुणा घेतो, नदी पाहुणा 'शोधतो'. हा कर्तृलोप केवळ शैलीचा दोष नाही. बेत ज्याच्या ज्ञानावर उभा आहे त्याला वाक्यातून वगळण्याची ती रीत आहे, आणि या वाङ्मयाची परीक्षा करण्याची सर्वांत विश्वसनीय कसोटीही तीच आहे. क्रियापद पाहावे आणि त्याचा कर्ता कोण ते विचारावे.

३

ही कसोटी लावून मागे गेले, म्हणजे काही अनपेक्षित निष्कर्ष हाती येतात. गळाच्या वाङ्मयाचा इंग्रजीतील आद्य आदर्श म्हणजे आयझॅक वॉल्टन याचा १६५३ मधील संवादात्मक ग्रंथ. त्यात नदीचे, माशांचे आणि आमिषांचे ज्ञान एक अनुभवी माणूस दुसऱ्याला चालता चालता सांगतो. ज्ञान देणारा आणि घेणारा दोघेही तेथे नावानिशी उभे आहेत. किंबहुना ग्रंथाचा घाटच या देण्याघेण्याचा आहे. आफ्रिकेतील नद्यांवर इंग्रजी लेखन पोचले तेव्हा घेणारा उरला आणि देणाऱ्याचे काय झाले, हा खरा वाङ्मयेतिहासाचा प्रश्न होय.

आरंभीच्या संशोधक-प्रवाशांनी देणाऱ्याला पूर्णपणे पुसलेले नाही, हे नमूद केले पाहिजे. जॉन स्पीक २८ जुलै १८६२ रोजी नाइल जेथे व्हिक्टोरिया सरोवरातून बाहेर पडते त्या धबधब्यापाशी पोचला. १८६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वृत्तांतात त्या स्थळाचे जे वर्णन आहे, त्यात धबधब्यावर उड्या घेणारे हजारो मासे आहेत, आणि नावांतून येऊन खडकांवर काठी व गळ घेऊन बसलेले वासोगा आणि वागांडा कोळीही आहेत. हा तपशील लहान असला तरी त्याचे महत्त्व मोठे आहे. नाइलच्या उगमाशी गळ टाकून बसलेला माणूस युरोपीय पाहुण्याच्या आधीपासून तेथे होता, त्याला त्याच्या जमातीचे नाव होते, आणि वाक्यात त्याला कर्त्याची जागा मिळाली. स्थळाला मात्र स्पीकने नाव दिले ते लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या अध्यक्षपदी राहिलेल्या रिपन यांचे. पुढे हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झालेले आणि स्थानिक स्वराज्याच्या संदर्भात मराठी वाचकाला परिचित असलेले रिपन ते हेच. १९०७ मध्ये याच वाटेने गेलेल्या विन्स्टन चर्चिल यांनी पुढच्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात या पाण्याकडून यंत्रे फिरवून घेण्याची कल्पना मांडली. १९५४ मध्ये ओवेन धबधब्यावरील धरणाचे उद्घाटन झाले आणि रिपन धबधबा पाण्याखाली गेला. कोळ्यांचे खडकही त्याबरोबरच गेले.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन याचे उदाहरण बेताच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. नोव्हेंबर १८५५ मध्ये तो झांबेझीवरील प्रचंड धबधब्यापाशी आला तेव्हा मकोलोलोंचा राजा सेकेलेटू याने दिलेली माणसे त्याच्याबरोबर होती. धबधब्याच्या अगदी कड्यावरील बेटापर्यंत त्याला हलक्या नावेतून नेले ते तेथील प्रवाहांची खडानखडा माहिती असलेल्या नावाड्यांनी. धबधब्याचे 'मोसी-ओआ-तुन्या', म्हणजे गर्जना करणारा धूर, हे स्थानिक नाव त्याने नोंदविले आणि मग त्याला आपल्या राणीचे नाव दिले. १८५७ च्या त्याच्या ग्रंथात हे सर्व आहे. देणारे तेथे दिसतात, आणि म्हणूनच तो ग्रंथ आजही वाचनीय वाटतो.

पुढील मोहीम मात्र कागदावर आखलेली होती. झांबेझी हा आगबोटींचा राजमार्ग होईल या अपेक्षेने १८५८ मध्ये सरकारी खर्चाने 'मा रॉबर्ट' ही बोट नेण्यात आली. परंतु १८५६ मध्ये समुद्राकडे उतरताना लिव्हिंग्स्टनने नदीचे मोठे वळण सोडून जवळची खुष्कीची वाट धरली होती, आणि त्याच न पाहिलेल्या भागात काब्राबासाचे खडकाळ उतार होते. बोट त्यांपलीकडे जाऊ शकली नाही. मोहीम १८६४ पर्यंत रेंगाळली, आणि १८६५ मध्ये भाऊ चार्ल्ससह लिहिलेल्या वृत्तांतात त्या अपयशाची सावली सर्वत्र पडलेली आहे. एका टप्प्याचे ज्ञान उसने घ्यावयाचे राहिले, आणि तेवढ्याने सगळा बेत फसला. हा प्रसंग मत्स्यसफरीच्या प्रत्येक कोष्टकाच्या मागे अदृश्यपणे उभा आहे असे म्हटले, तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

४

विसाव्या शतकात सफर हा व्यवसाय झाला आणि तिचे वाङ्मय दोन प्रवाहांत विभागले. एका प्रवाहात यशाची हमी वाढत गेली. दुसऱ्यात नकाराला जागा राहिली. या दुसऱ्या प्रवाहाचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे अर्नेस्ट हेमिंग्वे यांचा 'ग्रीन हिल्स ऑफ आफ्रिका' हा १९३५ मधील ग्रंथ. तो नदीचा नसून टांगानिकातील शिकारीचा आहे. परंतु सफरीच्या गद्याची घडण त्याने एवढी प्रभावित केली की मत्स्यसफरीच्या विचारात त्याला वगळता येत नाही. त्याच्या चारही भागांच्या शीर्षकांत 'पाठलाग' हा शब्द आहे, आणि कथानकाला गती देणारे तत्त्व आहे येऊ घातलेल्या पावसाचे भय. पाऊस आला की वाटा बंद होणार आणि कुडू मिळणार नाही. येथे पंचांग निसर्गाचे आहे, पाहुण्याचे नाही, आणि त्यातूनच ग्रंथातील ताण निर्माण होतो.

कर्त्याच्या कसोटीवर मात्र निर्णय संमिश्र द्यावा लागतो. एम्कोला हा बंदूक वाहणारा साथीदार या ग्रंथात जिवंत माणूस म्हणून उभा राहतो. त्याचा विनोद, त्याची नाराजी, त्याचा विश्वास संपादन करण्यासाठी लेखकाने केलेली धडपड, हे सर्व तेथे आहे. परंतु दुसऱ्या एका वाटाड्याला त्याच्या नाटकीपणाबद्दल इंग्रज नटाचे नाव चिकटविले गेले आहे आणि त्याचे स्वतःचे नाव वाचकाला मिळत नाही. देणारा दिसतो, पण टोपणनावाच्या मागून दिसतो.

जिम कॉर्बेट यांचा उल्लेख येथे सहज येतो, कारण हिंदुस्थान आणि आफ्रिका यांना जोडणारा या वाङ्मयातील तो एक खरा दुवा आहे. कुमाऊँतील नरभक्षक वाघांवरील त्यांच्या १९४४ च्या पुस्तकात महसीर माशावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. माशाच्या आकारमानापेक्षा भोवतालच्या परिसराचा आनंदातील वाटा मोठा असतो, ही त्यातील भूमिका आहे. १९४७ मध्ये ते केनियात स्थायिक झाले आणि १९५५ मध्ये न्येरी येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे अखेरचे लहानसे पुस्तक न्येरीजवळच्या पाणवठ्यावर झाडात बांधलेल्या लॉजवरील, फेब्रुवारी १९५२ मधील एका रात्रीविषयी आहे. महसिराच्या प्रकरणात लेखक नदीवर चालत जातो. शेवटच्या पुस्तकात पाहुणे गच्चीवर बसतात आणि प्राणी पाणवठ्यावर येतात. एकाच लेखकाच्या हातून प्रवासाचे रूपांतर प्रेक्षणात कसे झाले, ते या दोन टोकांवरून कळते. पॉल बूट आणि जेरेमी वेड यांच्या १९९२ च्या पुस्तकाने हिंदुस्थानातील महसीर आणि कांगोतील महाकाय टायगरफिश यांना पुन्हा एकत्र आणले. लॉजचा आधार नसलेल्या, आजार आणि प्रतीक्षा यांनी भरलेल्या प्रवासाची परंपरा त्यात टिकून आहे, आणि नदीचा नकार तेथे कथेचा भाग होऊन येतो.

५

या विवेचनाचा खरा कस कारिबाच्या संदर्भात लागतो. मत्स्यसफरीच्या लेखनात कारिबा सरोवराला मानाचे स्थान आहे. पाण्यात उभी असलेली वठलेली झाडे, त्यांवर बसलेले मत्स्यगरुड, काठावर हत्ती आणि गळाला टायगरफिश, ही चित्रे त्यात वारंवार येतात, आणि त्यांबरोबर 'अस्पर्शित', 'आदिम', 'अनादी' ही विशेषणेही येतात. या विशेषणांची सत्यता तपासली तर काय आढळते?

सरोवर मनुष्यनिर्मित आहे. झांबेझीवरील १२८ मीटर उंचीच्या धरणाचे काम १९५५ मध्ये सुरू झाले, डिसेंबर १९५८ मध्ये पाणी अडविण्यात आले, आणि सुमारे २८० किलोमीटर लांबीचा जलाशय भरत गेला. ती वठलेली झाडे बुडालेल्या अरण्याची आहेत. टायगरफिश ज्या लहान कापेंटा माशांवर पोसतो, तेही तेथील नव्हेत. ते १९६७-६८ मध्ये टांगानिका सरोवरातून आणून सोडलेले आहेत. 'अनादी' म्हणून वर्णिलेल्या दृश्याचे वय सफरीवर जाणाऱ्या कित्येक पाहुण्यांच्या वयाइतकेही नाही.

आणि त्या पाण्याखाली ग्वेंबे खोरे आहे. तेथील सुमारे ५७,००० टोंगा लोकांना धरणापायी आपली गावे सोडावी लागली. एलिझाबेथ कोल्सन आणि थेअर स्कडर या अभ्यासकांनी स्थलांतरापूर्वी, १९५६-५७ मध्येच, या समाजाचा अभ्यास सुरू केला होता. त्यांच्या ग्रंथांतून जे चित्र मिळते त्याच्या केंद्रस्थानी पुन्हा नदीचे पंचांगच आहे. टोंगांची शेते दोन प्रकारची असत : उंचवट्यावर पावसाची आणि काठावर पुराची. पूर ओसरला की काठच्या मळईत पेरणी होई, आणि कोरड्या ऋतूतही पीक हाती येई. पाण्याच्या चढउताराचे त्यांचे ज्ञान हे अन्नाचे ज्ञान होते. सप्टेंबर १९५८ मध्ये चिपेपो प्रमुखाच्या लोकांनी खोरे सोडण्यास विरोध केला तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात आठ टोंगा मृत्युमुखी पडले.

याच वर्षांत जी पुस्तके लोकप्रिय झाली, त्यांचा विषय कोणता होता हे पाहण्यासारखे आहे. वाढत्या पाण्यात अडकलेले प्राणी वाचविण्याची 'ऑपरेशन नोआ' ही मोहीम १९५८ पासून १९६४ पर्यंत चालली, आणि धरण भरत असतानाच, १९५९ मध्ये, तिच्यावर पुस्तके निघाली. रूपर्ट फॉदरगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे ते काम थोर होते, याबद्दल दुमत नाही. परंतु वाङ्मयीन दृष्टीने त्या लेखनातील क्रियापदे लक्षणीय आहेत. प्राणी कोणी वाचविले, ते नावानिशी सांगितले जाते. माणसांच्या बाबतीत मात्र 'हलविण्यात आले', 'पुनर्वसन करण्यात आले' असा कर्मणी प्रयोग येतो. चहा आणला जातो आणि लोक हलविले जातात; व्याकरण एकच आहे. लॉजच्या गद्यातील निरुपद्रवी वाटणारा कर्तृलोप आणि धरणाच्या अहवालातील कर्तृलोप यांचे नाते येथे उघड होते, आणि शैलीचा प्रश्न नीतीच्या प्रश्नाला येऊन भिडतो. आजच्या पाहुण्याची नाव ज्या पाण्यावर तरंगते त्याखाली दुसऱ्या कोणाचे तरी पंचांग बुडालेले आहे. तेथे ते उसने घेतलेले नाही, तर मोडून टाकलेले आहे.

टोंगांच्या परंपरेत न्यामिन्यामी ही नदीची देवता आहे. १९५७ आणि १९५८ मध्ये झांबेझीला असाधारण पूर आले आणि बांधकामाची मोठी हानी झाली, तेव्हा तो देवतेचा कोप मानला गेला. फ्रँक क्लेमंट्स यांच्या १९५९ च्या ग्रंथाने धरणाच्या कथेला नदीदेवतेशी झुंज असे रूप दिले. आता न्यामिन्यामीच्या कोरीव काठ्या पाहुण्यांना विकल्या जातात. नकार देणारी नदी स्मरणवस्तू झाली. बेताच्या वाङ्मयाने नकार पचविण्याचा हा शेवटचा टप्पा म्हणता येईल.

६

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो सबळ आहे. सफरीची माहिती देणारे लेखन उपयोगासाठी असते; त्याला वाङ्मयाच्या आणि नीतीच्या कसोट्या लावणे म्हणजे रेल्वेच्या वेळापत्रकात रस शोधण्यासारखे होय. शिवाय लॉजमुळे नदीकाठच्या लोकांना काम मिळते, मासे परत सोडण्याची रीत पाहुण्यांमुळेच पसरली, नदीचे रक्षण करण्यात त्यांचा पैसा उपयोगी पडतो. हे सर्व मान्य करता येईल. परंतु वेळापत्रक आपण आदिम आणि अस्पर्शित आहोत असे सांगत नाही. जे लेखन माहितीच्या पलीकडे जाऊन वाचकाच्या मनात एका प्रदेशाची प्रतिमा उभी करते, त्याने स्वतःहूनच वाङ्मयाच्या प्रांतात पाऊल टाकलेले असते. मग तेथील कसोटी त्याला टाळता येत नाही. आणि नावाड्याला रोजगार मिळतो हे खरे असेल, तर त्याचे नाव वाक्यात येण्यास अडचण कोणती?

ही अडचण अपरिहार्य नाही, हे नामवाली सर्पेल या झांबियन लेखिकेच्या 'द ओल्ड ड्रिफ्ट' या २०१९ मधील कादंबरीने दाखविले आहे. तिचे नावच झांबेझीच्या एका जुन्या उतारावरून आले आहे. धबधब्याच्या वरच्या बाजूस वसलेल्या त्या युरोपीय वस्तीत पर्सी क्लार्क हा छायाचित्रकार राहत असे. त्याचे आत्मचरित्र १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले होते. सर्पेल यांनी त्याच्याच आवाजाची पुनर्रचना करून कादंबरीचा प्रारंभ केला आहे. १९०४ मध्ये सुरू झालेले तेथील हॉटेल हे कथेतील पहिल्या संघर्षाचे स्थळ असून तेथून तीन कुटुंबांच्या पिढ्यांची गुंतागुंत सुरू होते. म्हणजे नदीकाठच्या पाहुणचाराची जागाच कादंबरीने उगम म्हणून निवडली, आणि तेथे ज्यांना वाक्यात जागा नव्हती त्यांना कर्त्याच्या स्थानी आणून बसविले. अधूनमधून बोलणारा वृंद तर डासांचा आहे. सफरीच्या यादीत ज्याचा उल्लेख केवळ गोळ्यांच्या संदर्भात येतो, तो डास येथे इतिहासाचा निवेदक होतो. कारिबाचे धरण कथेत प्रथम काम करणाऱ्यांच्या आयुष्यातून येते, आणि अखेरीस त्याचे पाणीच भविष्यावर चालून येते. नदीचा नकार या कादंबरीत पूर्ण बळाने परतला आहे.

तो केवळ कादंबरीत परतला असेही नाही. २०२४ च्या दुष्काळात कारिबाचे पाणी इतके खाली गेले की झांबिया आणि झिंबाब्वे या दोन्ही देशांना तीव्र वीजटंचाई सोसावी लागली. जलाशयाचेही शेवटी एक पंचांग असते, आणि ते पावसाच्या हाती असते.

या वाङ्मयाच्या अभ्यासकापुढे त्यामुळे दोन कामे उभी राहतात. पहिले, माहितीपत्रके, टिपणे आणि कोष्टके ही अभ्यासाच्या कक्षेत घेणे. कारण प्रदेशाची प्रतिमा थोर ग्रंथांतून जेवढी घडते, तेवढीच या किरकोळ गद्यातून घडते. दुसरे, हे गद्य वाचताना प्रत्येक क्रियापदाला त्याचा कर्ता विचारणे. पाणी केव्हा उतरेल हे कोणी सांगितले, नाव कोणी हाकली, गळ कोणी सोडविला, आणि ज्या काठावर शेकोटी पेटली तेथे पूर्वी पेरणी कोण करीत असे? मत्स्यसफरीचा चांगला बेत आणि मत्स्यसफरीचे चांगले लेखन या दोन्हींचा आरंभ याच प्रश्नांपासून होतो. स्पीकच्या पानावर काठी आणि गळ घेऊन खडकांवर बसलेल्या कोळ्यांना १८६२ मध्ये जी जागा सहजपणे मिळाली, ती त्यांच्या वंशजांना या वाङ्मयात पुन्हा मिळवून देणे, एवढीच त्या लेखनाकडून अपेक्षा आहे.